आयसीयूतले बेडसोर आणि सिस्टर्सचे राजीनामे: सुरुवात कुठून करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातलं ६० खाटांचं खाजगी रुग्णालय, त्यात १० खाटांचा आयसीयू. निम्मे पेशंट व्हेंटिलेटरवर. बेडसोर (एका जागी पडून राहून होणाऱ्या जखमा) वाढलेत, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना न्यूमोनिया होतोय, आणि हाताखाली तयार झालेल्या सिस्टर्स वर्षभरात सोडून जातात. व्यवस्थापनाने योगवर्ग आणि 'महिन्याची सर्वोत्तम परिचारिका' असा पुरस्कार सुचवलाय. त्याने फरक पडेल का? नसेल तर काय करावं?

योगवर्गाला हरकत नाही, पण त्यासाठी सिस्टरला ड्युटी संपल्यावर अर्धा तास थांबवणार असाल तर तो सुरूच करू नका. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: पेशंटच्या उशाशी जायला हवा तो वेळ भलतीकडे जातो. दोन तासांनी कूस बदलायची राहते ती आळसामुळे नव्हे. त्या वेळी सिस्टर औषधांचं इंडेंट (मागणीचा कागद) घेऊन फार्मसीच्या खिडकीशी उभी असते. आपलं काम नीट होत नाही हे तिला रोज दिसतं, आणि चांगली सिस्टर त्यालाच आधी कंटाळते.

म्हणून पहिल्या आठवड्यात कुठलाही नवा प्रोटोकॉल आणू नका. नर्सिंगच्या एखाद्या विद्यार्थिनीला कागद-पेन देऊन तीन पाळ्या बसवा. दर १० मिनिटांनी प्रत्येक सिस्टर काय करतेय एवढीच खूण करायची: पेशंटपाशी, लिखाण, फोन, औषध तयार करणं, वस्तू शोधणं, युनिटच्या बाहेर. कागदावर सिस्टरचं नाव नको, नाहीतर सगळ्या त्या दिवसापुरत्या पेशंटपाशी उभ्या राहतील. वेळेचे चोर बहुतेक ठिकाणी तेच निघतात. औषधं एकेक करून मागवावी लागतात, तीच नोंद तीन रजिस्टरांत होते, लॅबचा रिपोर्ट फोन करून मिळवावा लागतो, बिलिंगचे स्टिकर चिकटवायचे असतात, आणि नातेवाइकांना दिवसभर तेच तेच सांगावं लागतं.

यातलं बरंचसं फारसा खर्च न करता सुटतं. सकाळच्या राउंडनंतर फार्मसीने प्रत्येक पेशंटची २४ तासांची औषधं नावाच्या ट्रेमध्ये वर पोचवायची. प्रत्येक खाटेच्या लॉकरमध्ये सक्शन कॅथेटर, ग्लोव्ह्ज, सिरिंज, गॉज यांचा ठरलेला साठा ठेवायचा आणि रात्री ८ वाजता मावशींनी तो भरायचा. नोंदींसाठी एकच मोठा २४ तासांचा आयसीयू चार्ट. त्यात व्हायटल्स, इनटेक-आउटपुट, व्हेंटिलेटर सेटिंग आणि पोझिशन सगळं बसतं. तोच आकडा दुसऱ्या कुठल्या रजिस्टरमध्ये जात असेल तर ते रजिस्टर बंद करा. स्टिकर, फोन, रिपोर्ट यांसाठी दिवसपाळीला एक क्लार्क नेमा. त्याचा पगार सिस्टरपेक्षा कमीच असतो, हे हिशेब मागणाऱ्या मालकांना दाखवा.

यानंतर माणसांचा हिशेब. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत आयसीयूसाठी दर पाळीला एका खाटेमागे एक नर्स आणि वर ३० टक्के रजा-राखीव असं प्रमाण आहे. खाजगीत ते फार थोडे पाळतात. निदान व्हेंटिलेटरवर एकास एक आणि बाकीच्यांत दोघांमागे एक, याच्या खाली उतरू नका. तुमच्याकडे ५ व्हेंटिलेटर म्हणजे ५ जणी, उरलेल्या ५ पेशंटना ३ जणी, पाळीला ८. तीन पाळ्यांच्या २४, त्यावर ३० टक्के धरले की ३१-३२. इन्चार्ज सिस्टर यात मोजायची नाही. तिच्या वाट्याला पेशंट दिला की युनिटकडे बघणारं कोणी उरत नाही.

समजा पटावर २० जणीच आहेत. मग पाळीला ५ मिळतील आणि ५ जणींत ३ व्हेंटिलेटर व ४ साधे पेशंट बसतील. म्हणजे ७ खाटा. उरलेल्या ३ भरती होईपर्यंत बंद ठेवा. मालक नाराज होतील, पण नर्स नसलेली आयसीयूची खाट ही मॉनिटर लावलेली जनरल वॉर्डची खाट असते आणि तिचं बिल मात्र आयसीयूचं लागतं. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आयसीयूचा नव्हता, शस्त्रक्रियेच्या पेशंटचा होता. तरी त्यातले आकडे मालकांपुढे ठेवण्याजोगे आहेत: नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी आणि नर्सच्या बर्नआउटची २३ टक्क्यांनी जास्त आढळली.

आता बेडसोर. मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना एकही बेडसोर झाला नाही याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात, म्हणजे तोवरच्या तीन तपांहून जास्त काळासाठी, आहे. तो काळ महापालिकेच्या रुग्णालयातल्या नर्सिंगने निभावला. त्यामुळे 'आयसीयू म्हटलं की बेडसोर व्हायचेच' हे वाक्य युनिटमध्ये चालू देऊ नका. शॉकमधल्या पेशंटमध्ये काही जखमा टळत नाहीत हे खरं, पण बहुतेक टळतात.

पोझिशन बदलण्याची वेळ सगळ्या खाटांना एकच ठेवली की कामाचा फज्जा उडतो. खाट १ ते ५ सम तासाला, ६ ते १० विषम तासाला. एक सिस्टर आणि एक मावशी किंवा मामा अशी जोडी ठेवा. ५ पेशंटना मिळून अर्धा तास लागतो. खाट आधी कमरेच्या उंचीला घ्या, व्हेंटिलेटरच्या नळीतलं पाणी पेशंटपासून दूरच्या बाजूला काढून टाका, नळी आणि लाइन मोकळ्या करा. दोन्ही बाजूंनी ड्रॉशीट (पेशंटखालची आडवी चादर) अंगाजवळ गुंडाळून धरा आणि पेशंटला उचलून सरकवा. ओढलं की कातडी घासते. कूस ३० अंशांचीच ठेवायची: एक उशी पाठीमागे, एक पायांमध्ये. पूर्ण ९० अंशांवर वळवलं तर खुब्याच्या हाडावर सगळा भार येतो. टाचांसाठी पोटरीखाली लांबट उशी द्या, टाच अधांतरी राहिली पाहिजे. शेवटी माकडहाडाखाली तळहात सरकवून बघा. हात चेपला गेला तर पाठीमागची उशी नीट बसलेली नाही.

डोकं ३० अंशांवर ठेवलं की पेशंट खाली घसरतो आणि आतल्या आत कातडी ओढली जाते. यासाठी आधी खाटेचा गुडघ्याचा भाग वर घ्या, मग डोक्याचा. नॉरअॅड्रेनॅलिनचा (बीपी वाढवणाऱ्या औषधाचा) डोस जास्त असलेल्या पेशंटला कूस देताना बीपी पडतं म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याला हातच लावत नाहीत, आणि जखमा नेमक्या त्यालाच होतात. थोडं थोडं वळवा, बीपी सावरेपर्यंत थांबा, पुढे वळवा. तेही झेपलं नाही तर निदान टाचा, डोक्याची मागची बाजू आणि खांदे दर तासाला हलवा.

काही जुन्या सवयी मोडायला हव्यात. लाल झालेल्या जागी स्पिरिट-पावडरने चोळू नका, आतल्या नाजूक पेशी त्याने आणखी फाटतात. टाचेखाली पाणी भरलेले ग्लोव्ह्ज आणि कमरेखाली हवेची रिंग ठेवू नका. कडेच्या दाबाने मधला रक्तपुरवठा तुटतो. एअर मॅट्रेसवर मॅकिन्टॉश (रबरी चादर), त्यावर ड्रॉशीट, त्यावर डायपर असे थर रचले की मॅट्रेसचा उपयोग संपतो. एक पातळ चादर पुरे. मॅट्रेसच्या पंपावरचं वजनाचं बटण पेशंटच्या वजनाला लावा. ते बहुधा आधीच्या पेशंटच्या वजनावर असतं. आणि मॅट्रेस असली तरी कूस बदलावीच लागते.

जखमेची सुरुवात म्हणजे दाबल्यावर न मावळणारा लालपणा. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली दिसेलच असं नाही. त्या जागेचा गरमपणा, घट्टपणा, आजूबाजूपेक्षा गडद रंग बघा. बीआयपॅप या श्वासाच्या मास्कखालचं नाक, ट्यूबच्या पट्टीखालचा ओठाचा कोपरा, सॅच्युरेशन प्रोब लावलेलं बोट यांच्याकडे दर ४ तासांनी नजर टाका आणि प्रोबची जागा बदला.

हे सगळं कधी पाहायचं? ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना पेशंट पुढच्या सिस्टरकडे सोपवताना. दोघी सिस्टर्सनी मिळून पेशंट वळवायचा, पाठ बघायची आणि दोघींनी सही करायची. 'आमच्या पाळीत नव्हतं' हा वाद तिथेच मिटतो. सिस्टर्समध्ये आपसात कुरबुर होते ती बरीचशी याच वादातून.

ओव्हर हा प्रकार ड्युटीच्या तक्त्यात मुळात धरलेलाच नसतो. सकाळची पाळी २ ला संपते आणि दुपारची २ ला सुरू होते. कागदावर मध्ये एक मिनिटही नाही. मग एक जण फुकट लवकर येते किंवा फुकट उशिरा जाते, नाहीतर काउंटरवर उभ्याउभ्या 'पेशंट ठीक आहे' असा ओव्हर होतो. तक्त्यात २० मिनिटं ठेवा आणि त्यांचे पैसे द्या. ओव्हर खाटेपाशीच द्या. प्रत्येक लाइन बाटलीपासून किंवा पंपापासून पेशंटच्या अंगापर्यंत बोटाने मागोवा घेत तपासा, पंपावरचा दर चार्टशी ताडा, आणि अलार्मच्या मर्यादा बघा.

पंपांच्या चुका बहुतेक वेळा गणितातून होतात, म्हणून गणितच कमी करा. प्रत्येक औषधाचं एकच प्रमाण युनिटभर. नॉरअॅड्रेनॅलिनचं ४ मिलिग्रॅम बेस (मूळ औषध), ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये एकूण ५० मिलि, म्हणजे मिलिला ८० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या पेशंटला किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम हवं असेल तर पंप ताशी ४.५ मिलिवर. वजनानुसार तयार तक्ता छापून पंपाच्या स्टँडला लावा. अँप्युलवर आकडा बायटार्ट्रेटचा (क्षाराचा) आहे की बेसचा ते वाचा: २ मिलिग्रॅम बायटार्ट्रेट म्हणजे बेस साधारण १ मिलिग्रॅमच. फार्मसीने कंपनी बदलली आणि हे कोणी पाहिलं नाही तर रात्रीतून डोस दुप्पट किंवा निम्मा होतो. सिरिंज संपायच्या तासभर आधी दुसरी भरून ठेवा, आणि नवी सिरिंज पंपात बसवल्यावर पेशंटला जोडण्याआधी पर्ज करा, म्हणजे थोडं औषध नळीतून बाहेर सोडा. कमी दरावर पंपाच्या दांड्यातली ढिलाई भरून निघायला बराच वेळ जातो, तोवर औषध पुढे सरकतच नाही आणि बीपी कोसळतं.

इन्सुलिनच्या मिलिला ४० युनिटच्या आणि मिलिला १०० युनिटच्या वायल एकाच फ्रिजमध्ये ठेवू नका. ५० मिलित ५० युनिट घालायचे तर ४० वाल्या वायलमधून १.२५ मिलि लागतं आणि १०० वाल्यामधून ०.५ मिलि. सवयीने १.२५ मिलि १०० वाल्यातून काढलं तर अडीचपट इन्सुलिन गेलं. पोटॅशियम क्लोराइडचं १० मिलिचं अँप्युल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट, आणि दिसायला ते डिस्टिल्ड वॉटरसारखं. त्याला कुलपाची वेगळी पेटी आणि दोघींच्या सह्या. औषध भरणाऱ्या सिस्टरला मध्येच हाक मारायची नाही, हा नियम डॉक्टरांनाही लागू करा.

न्यूमोनियाबद्दल थोडक्यात, कारण यादी सगळ्यांना पाठ असते, चुकतात ते बारकावे. डोक्याकडचा ३० ते ४५ अंशांचा कोन नजरेने ठरवू नका, खाटेच्या बाजूला पट्टीने खूण करा. श्वासाच्या ट्यूबच्या कफचं (फुग्याचं) प्रेशर २० ते ३० सेंटिमीटर पाणी, दर पाळीला मॅनोमीटरने मोजून. फुगा बोटाने चेपून काही कळत नाही. सक्शन कॅथेटरसाठी ट्यूबच्या क्रमांकातून २ वजा करून दुप्पट करा: ८ नंबरच्या ट्यूबला १२ फ्रेंच (कॅथेटरच्या जाडीचं माप). एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि प्रत्येक वेळी सलाइन सोडण्याची गरज नाही. तोंडाची निगा लहान मुलांच्या मऊ ब्रशने, सोबत सक्शन. क्लोरहेक्सिडिनने नेमाने तोंड धुण्याची शिफारस अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२२ मध्ये मागे घेतली. न्यूमोनिया कमी झाल्याचा भक्कम पुरावा नाही आणि मृत्यू वाढण्याची शंका आहे. ब्रशिंग मात्र ठेवलंय.

न्यूमोनियावर सगळ्यात मोठा इलाज म्हणजे ट्यूब लवकर काढणं. डॉक्टरांनी राउंडला 'आज रास शून्य ते उणे २' असं लक्ष्य (रास म्हणजे पेशंट किती जागा किंवा गुंगीत आहे याचं माप) लिहून द्यावं, आधी दुखणं भागवावं, मग मिडॅझोलॅम (गुंगीचं औषध) थांबवून पेशंट जागा करावा आणि जमलं तर श्वासाची चाचणी घ्यावी. ही वेळ सकाळी १० च्या सुमाराची, हात जास्त असतात तेव्हाची. रात्री एकटी सिस्टर दोन पेशंट सांभाळत असताना पेशंटने ट्यूब उपटली तर बोल तिलाच लागतो. म्हणून ती सेडेशन, म्हणजे गुंगी, वाढवते, आणि तिच्या जागी कोणीही तेच करेल.

सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) संसर्गाबाबत अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचं काम मोलाचं आहे. १०३ आयसीयूंचे २००६ मध्ये छापलेले निष्कर्ष सांगतात की हात धुणं, पूर्ण ड्रेप-गाऊन, क्लोरहेक्सिडिनने कातडी साफ करणं, जांघेतली जागा टाळणं आणि नको असलेली लाइन काढणं या पाच गोष्टींनी संसर्गाच्या दराचा मध्यक १००० लाइन-दिवसांमागे २.७ वरून ३ महिन्यांत शून्यावर आला. यादीत नवं काही नव्हतं. डॉक्टरने पायरी गाळली तर नर्सने त्याला थांबवायचं, आणि प्रशासन तिच्या बाजूने उभं राहणार, हे नवं होतं. तुमच्याकडे हे जमवायचं तर मोठ्या सरांनी सगळ्यांसमोर आधीच सांगायला हवं की मलाही थांबवा. आपला शब्द चालतो हे दिसलं की सिस्टर टिकते. माझ्या मते पुरस्कारापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त आहे.

अलार्मचा गोंगाट हा पेशंट आणि नर्स दोघांचाही शत्रू. ईसीजीचे इलेक्ट्रोड रोज बदला, जागा साबण-पाण्याने पुसून कोरडी करा, उघड्या पाकिटातले वाळलेले इलेक्ट्रोड फेकून द्या. खोटे अलार्म निम्म्याने कमी झाल्यासारखे वाटतील. मर्यादा पेशंटप्रमाणे लावा. सीओपीडीच्या (फुफ्फुसाच्या जुनाट विकाराच्या) पेशंटचं सॅच्युरेशनचं लक्ष्य ८८ ते ९२ टक्के असताना अलार्म ९० वर ठेवला तर तो दिवसभर वाजेल आणि शेवटी कोणीतरी बंद करून टाकेल.

ड्युटीच्या तक्त्यात सलग ३ पेक्षा जास्त नाईट नकोत. क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे जाणारा ठेवा. १२ तासांची नाईट करून सकाळी ८ ला सुटलेल्या सिस्टरचा झोपेचा दिवस साप्ताहिक सुट्टी म्हणून मोजतात, ही सरळ लबाडी आहे. राजीनाम्याच्या पत्रात 'घरगुती कारण' लिहिलेलं असतं, खरं कारण अनेकदा हेच असतं. रात्री २ ते ४ च्या दरम्यान आळीपाळीने २०-३० मिनिटं पाठ टेकायला द्या, पेशंट शेजारणीकडे रीतसर सोपवून. उठल्यावर पहिली १५ मिनिटं औषध भरायचं नाही. सकाळी स्कूटीवरून लांब जाणाऱ्या सिस्टरची रुग्णालयाच्या गाडीने सोय करा.

सिस्टरला चुकून सुई टोचली तर काय करायचं याची व्यवस्था रात्री ३ ला चालेल अशी हवी. सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, शार्प्सचा डबा हाताच्या अंतरावर आणि तीन-चतुर्थांश भरला की बदलायचा. एचआयव्ही प्रतिबंधाचा पहिला डोस शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांत. तो युनिटच्या कपाटातच ठेवा. हिपॅटायटिस बीच्या लशी ०, १ आणि ६ महिन्यांनी, आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांत टायटर (लस लागू पडली का याची रक्ततपासणी), हे नोकरीवर घेतानाच सुरू करा.

नातेवाइकांचा राग सिस्टरवर निघतो, कारण समोर तीच असते. दुपारी १२ आणि संध्याकाळी ६ ला डॉक्टरांनी स्वतः बसून माहिती द्यावी, पेशंटची सिस्टर शेजारी हवी. दोघांच्या तोंडून एकच गोष्ट गेली की निम्मं भांडण संपतं. तरीही हात उगारला गेला तर महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. तक्रार रुग्णालयाने द्यायची, सिस्टरला एकटीला पोलीस ठाण्यात पाठवायचं नाही.

पेशंट गेल्यावर किंवा सीपीआरनंतर ५ मिनिटं एकत्र उभं राहून तीनच प्रश्न विचारा: काय झालं, काय नीट झालं, पुढच्या वेळी काय हवं. चुका कोणाच्या हे तेव्हा काढायचं नाही. त्या सिस्टरला लगेच पुढचा अॅडमिशन देऊ नका.

पगाराचंही बोलायला हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० ते १०० खाटांच्या खाजगी रुग्णालयांत नर्सचा पगार सरकारी पगारापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त कमी नसावा अशी शिफारस केली. तुमची ६० खाटांची संस्था त्याच गटात मोडते. तुमचा आकडा त्याच्या किती खाली आहे ते आधी काढा.

मोजमाप साधं ठेवा. १० खाटांच्या युनिटमध्ये महिन्याला एखाददुसरा न्यूमोनिया होतो, त्यामुळे टक्केवारी उगाच उड्या मारते. भिंतीवर 'शेवटच्या नव्या बेडसोरला किती दिवस झाले', 'शेवटच्या लाइन-संसर्गाला किती दिवस' एवढंच लिहा. शेजारी त्याच अक्षरात दोन आकडे आणखी: या महिन्यात किती पाळ्या ठरलेल्या संख्येपेक्षा कमी सिस्टर्सवर चालल्या, आणि किती जणींची जेवणाची सुट्टी बुडाली. हे चारही आकडे इन्चार्ज सिस्टरने दर सोमवारी मालकांसमोर वाचायचे. नवा बेडसोर निघाला की आधी त्या ४८ तासांतल्या पाळ्यांची संख्या बघायची, मग पोझिशनचा चार्ट, आणि सिस्टरला बोलवायचं ते त्यानंतर.